प्लायवूडचे सुटे करता येणारे सहलीचे टेबल : जाडी, सांधे आणि एका शीटचा हिशेब

रामबागेतला
नमस्कार मंडळी. पावसाळा सुरू झाला की आपल्या इंदूरच्या घराघरांत तिंछा, चोरल, पातालपाणी किंवा जानापाव यांपैकी कुठे तरी दाल-बाफल्यांचा बेत ठरतोच. आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळींना आता सतरंजीवर मांडी घालून बसणे जमत नाही, आणि केवळ तेवढ्या कारणासाठी त्यांनी सहलीला येणे सोडावे हे मला मान्य नाही. बाजारात मिळणारी घडीची हलकी टेबले दोन ताटे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवण्यापुरती ठीक असतात. पण दालीचे भरलेले पातेले ठेवले की त्यांचे पाय फाकतात. म्हणून प्लायवूडचे टेबल आणि दोन बाके घरीच करावीत असा विचार आहे.

माझ्या अपेक्षा अशा आहेत की, जोडण्यासाठी कोणतेही अवजार लागू नये, हरवण्यासारखा एकही स्क्रू नसावा, सर्व भाग आठ बाय चार फुटांच्या एकाच शीटमधून निघावेत आणि सुटे केल्यावर ते लहान मोटारीत मावावेत. खाचेत खाच बसवून उभे राहणारे टेबल मला सर्वांत योग्य वाटते. पायांच्या दोन उभ्या फळ्या, त्यांना जोडणारी मधली लांब फळी आणि वर ठेवायचा पृष्ठभाग, अशी रचना मनात आहे. जाडी किती घ्यावी, प्लाय कोणत्या प्रतीचा असावा आणि खाचांचे टेबल डुगडुगू नये म्हणून काय करावे, यावर अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सुतारपुत्र
खाचांचा विचार उत्तम आहे. नट-बोल्टाचे टेबल मजबूत होते. पण सहलीत एखादा वॉशर गवतात पडला की मंडळी टेबल सोडून वॉशर शोधत बसतात. माझे मत सर्व भाग १८ मि.मी. जाडीचे घ्यावेत असे आहे.

महूकर
१८ मि.मी.ला माझा विरोध आहे. आठ बाय चारच्या १८ मि.मी. शीटचे वजन साधारण ३५ किलो भरते आणि १२ मि.मी.चे तेवीसच्या आसपास. तिंछाला गाडी लावल्यावर सामान हातात घेऊन चालावे लागते, तेव्हा हा फरक प्रत्येक पावलाला जाणवतो. ज्या टेबलाचा कंटाळा येऊन ते घरीच ठेवले जाते, त्याच्या मजबुतीचा उपयोग काय?

निवृत्त यंत्रज्ञ
दोघांचेही म्हणणे अंशतः बरोबर आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ वरून १८ वर गेल्यास जाडी दीडपट होते. पण ताठपणा जवळजवळ ३.४ पट होतो. त्यामुळे केवळ दोन टोकांवर टेकलेली १२ मि.मी.ची फळी चार फुटांच्या अंतरात झोल देईल, हे खरे आहे. मात्र रामबागेतला यांच्या रचनेत मधली फळी उभी आहे आणि पृष्ठभाग तिच्यावर पूर्ण लांबीभर टेकतो. उभ्या फळीच्या बाबतीत तिची उंची हीच तिची जाडी ठरते, आणि अडीचशे मि.मी. उंचीची फळी माणसांच्या वजनाने वाकत नाही. म्हणून पृष्ठभागाला १२ मि.मी. पुरे आहे. पाय आणि मधली फळी यांना मात्र मी १८ मि.मी.च घेईन, कारण खाचेजवळ निम्मे लाकूड कापले गेलेले असते आणि सांध्याची पकडही जाडीबरोबर वाढते.

आता डुगडुगण्याविषयी. या टेबलाचे सगळे यशापयश इथे आहे, आणि बहुतेक लोक नेमके इथेच चुकीच्या दिशेने विचार करून जाडी वाढवत बसतात. समजा, खाचेत फळीपेक्षा १ मि.मी. जास्त जागा आहे आणि खाच १५० मि.मी. खोल आहे. फळी त्या खाचेत दीडशेत एक एवढी कलू शकते. टेबलाची उंची ७०० मि.मी. धरली तर वरचे टोक सुमारे पावणेपाच मि.मी. हलते. तीच खाच ७५ मि.मी. खोल केली तर टोक नऊ मि.मी.पेक्षा जास्त हलेल, आणि जागा अर्ध्या मि.मी.वर आणली तर हलणे निम्म्याने कमी होईल. म्हणजे टेबल स्थिर ठेवतात ती खाचेची खोली आणि खाचेचा नेमकेपणा. प्लायची जाडी त्यानंतर येते.

बाफलेवाली
काकांनी हे इतके स्वच्छ समजावून सांगितले की सुतारकामाचा गंध नसलेल्या मलाही ते उमगले. माझा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. बाफले आधी पाण्यात उकळून, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवले जातात, आणि ते तूप ताटाबाहेर सांडल्याशिवाय राहत नाही. कोऱ्या प्लायवर तुपाचा डाग पडला तर तो आत मुरतो आणि नंतर त्या जागी रंगही नीट धरत नाही. शिवाय चुलीवरून उतरवलेले पातेले थेट टेबलावर ठेवले जाणार, हेही गृहीत धरावे. तेव्हा कोणता लेप द्यावा?

रंगलेप
बाफलेवाली ताई, घरातील फर्निचरला जे मेलामाइन पॉलिश दिले जाते ते उघड्यावरच्या वापरासाठी नसते, हे आधी लक्षात घ्यावे. बाहेरच्या वापरासाठी असलेले पॉलियुरेथेन, म्हणजे कारागीर ज्याला पीयू म्हणतात ते, पातळ करून तीन हात द्यावेत आणि दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिशपेपर हलका फिरवावा. त्यावर पडलेले तूप ओल्या फडक्याने पुसता येते. गरम पातेल्याखाली मात्र जाड लाकडी पाट ठेवावा, कारण थेट चुलीवरून आलेल्या भांड्याची उष्णता कोणताही लेप फार काळ सोसत नाही.

प्लायवूडमध्ये पाणी शिरते ते मुख्यतः कडांतून. वरची साल लेपाने बंद करणे सोपे असते. पण कडेला एकाआड एक थरांच्या तंतूंची उघडी टोके असतात आणि ती पाणी ओढून घेतात. म्हणून कडा आधी ८०, मग १२० आणि शेवटी १८० नंबरच्या पेपरने घासाव्यात, पहिला हात जवळजवळ भिजेल असा द्यावा, तो वाळल्यावर पुन्हा घासून आणखी दोन हात द्यावेत. पायांच्या फळ्यांच्या खालच्या कडा ओल्या मातीत टेकणार आहेत. त्यांना एक हात जास्त द्यावा. खाचांच्या आतल्या कडा विसरल्या जातात, त्याही लक्षात ठेवाव्यात.

काटकोन
रंगलेप यांच्या शेवटच्या वाक्याला एक जोड देतो. लेपाचीही जाडी असते आणि ती खाचेच्या दोन्ही अंगांना बसते. त्यामुळे खाच कापताना प्लायवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. १८ मि.मी. म्हणून घेतलेला प्लाय व्हर्नियरने मोजला तर अनेकदा थोडा कमी भरतो. आधी फळी मोजावी, मग त्याच प्लायच्या उरलेल्या तुकड्यावर एक नमुना-खाच कापून पाहावी आणि लेपासह अर्धा मि.मी. मोकळीक राहील असे माप नक्की करावे. एवढी मोकळीक पावसाळ्यातील फुगण्यालाही पुरते. आपल्याकडे मे महिन्याचा कोरडेपणा आणि ऑगस्टमधील दमटपणा यांत फार अंतर असते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली खाच श्रावणात हातोडीशिवाय सुटत नाही.

तिंछाप्रेमी
प्रतीविषयी कोणी लिहिले नाही. एमआर प्रतीचा प्लाय घेतला तर चालेल का? तो स्वस्त पडतो.

सुतारपुत्र
चालणार नाही. एमआर म्हणजे दमट हवेला तोंड देणारा, भिजण्याला नव्हे. त्याचा गोंद बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि तो वारंवार भिजल्यावर थर सुटू लागतात. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्रतीत फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. शीटवरचा छाप वाचावा : एमआर आणि बीडब्ल्यूआर हे दोन्ही आयएस ३०३ या मानकाखाली येतात, तर मरीन प्लायसाठी आयएस ७१० आहे आणि त्यातील नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. अधूनमधून भिजून लगेच पुसल्या जाणाऱ्या सहलीच्या टेबलाला बीडब्ल्यूआर पुरेसा आहे. टेबल कायम गच्चीवर राहणार असेल तर मात्र मरीन घ्यावा.

खरेदीच्या वेळी शीटची कड नीट पाहावी. थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत करावी, कारण नेमकी त्या पोकळीवर खाच आली तर सांधा तिथेच उकलतो. सियागंज आणि राणीपुरा भागात फिरून चार दुकानांतील कडा पाहिल्या की डोळा आपोआप तयार होतो.

काटकोन
आता मूळ प्रश्नातील ‘एका शीटमधून टेबल आणि दोन बाके’ या भागाकडे येतो. मी कागदावर मांडून पाहिले आणि ते बसत नाही.

शीट २४४० बाय १२२० मि.मी. असते. टेबलाचा पृष्ठभाग चार बाय दोन फूट, म्हणजे १२२० बाय ६१०, आणि दोन बाकांच्या बसायच्या फळ्या प्रत्येकी १२२० बाय २५४ धरल्या, तर शीटचा पहिला अर्धा भाग जवळजवळ संपतो. करवतीचे पाते प्रत्येक कापाला सुमारे ३ मि.मी. खाते; ते वजा केल्यावर जेमतेम साडेतीन इंची पट्टी उरते. दुसऱ्या अर्ध्या भागात टेबलाचे दोन आणि बाकांचे चार पाय मांडले की तीनही मधल्या फळ्यांसाठी जागाच राहत नाही. काही जण अशा वेळी मधल्या फळ्या उरलेल्या अरुंद पट्ट्यांतून काढतात. पण यंत्रज्ञ काकांच्या हिशेबानुसार खाचेची खोली कमी केली की टेबल हलणारच.

एका शीटमध्ये टेबल आणि एक बाक मात्र व्यवस्थित बसते. पहिल्या अर्ध्या भागात शीटच्या लांबीच्या दिशेने १२२० मि.मी. लांबीच्या चार फळ्या घ्याव्यात : पृष्ठभाग ५६० रुंद, बाकाची फळी २५४, टेबलाची मधली फळी २५० आणि बाकाची मधली फळी १४०. यांची बेरीज १२०४ होते, तीन कापांचे ९ मि.मी. धरून १२१३, म्हणजे कडा साफ करायला ७ मि.मी. उरतात. दुसऱ्या अर्ध्या भागात ७०० बाय ५०० चे टेबलाचे दोन पाय आणि ४२० बाय २५४ चे बाकाचे दोन पाय निघतात, आणि तरीही मुलांचे एक स्टूल करता येईल एवढा तुकडा राहतो. टेबलाची उंची ७१८ आणि बाकाची ४३८ मि.मी. होते, दोहोंतील २८० मि.मी.चे अंतर जेवायला सोयीचे असते.

रामबागेतला
काटकोन, आपण घेतलेल्या श्रमांबद्दल मनापासून आभार. एक बाक आणि घरी असलेल्या घडीच्या खुर्च्या असे ठरवायला माझी हरकत नाही. पण मांडणीत सर्व लांब फळ्या शीटच्या लांबीच्या दिशेनेच का घेतल्या आहेत? आडव्या घेतल्या असत्या तर कदाचित दुसरे बाकही बसले असते.

निवृत्त यंत्रज्ञ
या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला विशेष आनंद होतो, कारण दुकानात शीट कापून घेताना हा मुद्दा हमखास निसटतो. प्लायवूडचे थर एकाआड एक दिशा बदलत असले तरी दोन्ही बाहेरच्या थरांच्या रेषा सामान्यतः शीटच्या लांबीच्या दिशेने धावतात. वाकण्याला खरा विरोध बाहेरचे थर करतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने प्लाय जास्त ताठ असतो. बसायची फळी आडवी कापली तर तीच जाडी असूनही ती जास्त लचकेल. पायांच्या बाबतीत रेषा उभ्या असाव्यात, आणि काटकोन यांच्या मांडणीत त्या तशाच आहेत.

मी पृष्ठभागासाठी १२ मि.मी. सुचवले होते, पण एकाच शीटचा आग्रह असेल तर सर्वच १८ घ्यावे लागेल. या मांडणीत शीटचा सुमारे ८० टक्के भाग वापरला जातो, म्हणजे टेबल आणि बाक मिळून अठ्ठावीस किलोच्या आसपास. सर्वांत जड भाग पृष्ठभागाचा, साधारण आठ किलोचा. दोघांनी वाटून नेले तर महूकर यांचीही तक्रार राहू नये.

महूकर
पायांच्या फळ्यांना मध्ये कमान कापली तर वजन आणखी कमी होईल आणि पकडायलाही सोपे जाईल. कमानीचा दुसरा फायदाही आहे. फळीची पूर्ण कड जमिनीवर टेकली तर मधल्या एखाद्या दगडावर ती झुलते. कमानीमुळे प्रत्येक फळी दोनच ठिकाणी टेकते. जानापावच्या खडकाळ उतारावर हा फरक चांगला कळतो.

तिंछाप्रेमी
मग एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला मध्यभागी एकच, असे तीन टेकू का करू नयेत? तीन पायांचे टेबल कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही.

निवृत्त यंत्रज्ञ
डुगडुगत नाही, पण उलटते. एकाच टेकूच्या बाजूला कोपऱ्यावर कोणी कोपर टेकले तर भार आधाराच्या त्रिकोणाबाहेर जातो. ज्येष्ठ मंडळी उठताना टेबलाचा आधार घेतात. तिथे हा धोका पत्करू नये. चार टेकू ठेवावेत आणि सोबत दोन-तीन पाचरी न्याव्यात. याच कारणाने बाकाचे पाय टोकांपासून फार आत घेऊ नयेत. टोकापासून चार इंच पुरेत; अन्यथा मधला माणूस उठला की टोकाचा माणूस बाकासह कलतो.

बाफलेवाली
पावसात काळी माती इतकी मऊ होते की तिथे माणसाची टाचही रुतते. अठरा मि.मी.ची कड त्यात सहज उतरेल.

सुतारपुत्र
ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. उरलेल्या तुकड्यांतून चार इंची चौकोन कापून त्यांच्या मध्यावर दोन बारीक पट्ट्यांची खोबण करावी आणि मऊ जमिनीवर प्रत्येक टेकू त्या खोबणीत ठेवावा. खडकावर त्यांची गरज नाही.

कापण्याविषयीही थोडे लिहितो. हातातल्या गोल करवतीचे आणि जिगसॉचे दात खालून वर कापतात, त्यामुळे वरच्या बाजूची साल उडते. म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी, रेघेवर धारदार सुरीने आधी चीर द्यावी आणि चिकटपट्टी लावावी. खाचेच्या तळाशी काटकोनी कोपरे ठेवू नयेत, कारण ताण तिथेच एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आधी दोन्ही कोपऱ्यांत सहा मि.मी.ची भोके पाडावीत, मग करवत त्या भोकांपर्यंत न्यावी आणि तळ पटाशीने साफ करावा.

तिंछाप्रेमी
सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कापून घेतले तर हे सगळे टळेल ना?

सुतारपुत्र
नेमकेपणा नक्कीच मिळेल. पण कोपऱ्याचा प्रश्न तिथेही राहतो. सीएनसीचे पाते गोल फिरते, त्यामुळे सहा मि.मी.च्या पात्याने आतल्या कोपऱ्यात तीन मि.मी.ची गोलाई सुटते आणि समोरची फळी खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. नकाशा देतानाच प्रत्येक आतल्या कोपऱ्यात पाते थोडे पुढे नेऊन अर्धगोल भोक पाडायला सांगावे.

रामबागेतला
सर्वांच्या सूचनांमुळे नकाशा जवळजवळ पक्का झाला आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. पृष्ठभाग नुसताच वर ठेवला तर कोणी कडेवर भार देताच तो उचलला जाईल, त्याला अवजाराशिवाय कसे धरून ठेवावे? आणि चार फुटांचा पृष्ठभाग मोटारीत घालायचा तर मागची आसने पाडावी लागतात, मग ज्येष्ठांना बसवायचे कुठे?

काटकोन
मोटारीचा प्रश्न आधी घेऊ. पृष्ठभागाचे मधोमध दोन तुकडे करावेत, प्रत्येकी सुमारे ६१० बाय ५६०. मधली फळी लांबीच्या दिशेने खालून जात असल्यामुळे दोन्ही तुकड्यांना तिचा आधार मिळतो, आणि जोडाच्या कडेत दोन लाकडी खुंट्या बसवल्या की दोन्ही तुकडे एका पातळीत राहतात. बाकाचे मात्र तुकडे करू नयेत, त्यावर माणसे बसणार आहेत. बाकाची फळी आणि दोन्ही मधल्या फळ्या अरुंद आहेत. त्या एकत्र बांधून छतावरच्या कॅरिअरला लावाव्यात.

पृष्ठभाग धरून ठेवण्यासाठी पायाच्या प्रत्येक फळीच्या वरच्या कडेवर ५० मि.मी. उंचीच्या दोन जिभा ठेवाव्यात आणि पृष्ठभागात तेवढ्याच मापाच्या आरपार चिरा कापाव्यात. जिभा वर आल्या की त्यांच्यातील भोकात लाकडी पाचर सारायची. पाचर हलकी ठोकली की पृष्ठभाग खाली ओढला जातो आणि खाचेतली उरलेली अर्ध्या मि.मी.ची मोकळीकही बंद होते, त्यामुळे टेबल एकसंध वाटते. भोक पृष्ठभागाच्या पातळीच्या किंचित खालपर्यंत असावे, नाही तर पाचर ओढ देत नाही. पाचरीला सातात एक एवढाच उतार द्यावा. जास्त उतार दिला तर ती हादऱ्याने सुटते.

रंगलेप
जिभांसाठी पायांची उंची वाढवावी लागेल, काटकोन. ७०० मध्ये ५० मिळवले तर ७५० होतील. आपल्या मांडणीत तेवढी जागा आहे का?

काटकोन
आहे. दुसरा अर्धा भाग पहिला काप वजा जाता १२१७ मि.मी. लांब आहे, त्यात ७५०, एक काप ३ आणि बाकाच्या पायांचे ४२० मिळून ११७३ होतात. बाकाच्या पायांनाही अठरा मि.मी.च्या जिभा देता येतील एवढे अंतर उरते, मात्र बाकाच्या जिभा फळीच्या पातळीतच संपवाव्यात, म्हणजे बसणाऱ्याला टोचणार नाहीत.

बाफलेवाली
पाचरी सागवानाच्या करून प्रत्येकीला भोक पाडून सुतळीने पायाच्या फळीलाच बांधून ठेवाव्यात. रामबागेतला यांची हरवण्यासारखे काही नको ही अट मग पूर्णपणे पाळली जाईल.

रामबागेतला
ताई, सूचना स्वीकारली. या रविवारी बीडब्ल्यूआर प्रतीची १८ मि.मी.ची शीट आणतो आणि सर्वांत आधी उरणाऱ्या भागातून नमुना-खाच कापतो. पायाच्या फळीत खाच वरून १२५ आणि मधल्या फळीत खालून १२५, असे निम्मे-निम्मे घेतले आहे. सहज कलणार नाही ना?

निवृत्त यंत्रज्ञ
अर्ध्या मि.मी.च्या मोकळिकीवर सव्वाशेची खोली म्हणजे ७०० मि.मी. उंचीवर तीन मि.मी.पेक्षा कमी हालचाल, आणि पाचरी ठोकल्यावर तीही उरणार नाही. निःशंकपणे कापावे. फक्त दोन्ही खाचांची मिळून खोली २५० पेक्षा एक मि.मी. जास्त ठेवावी, म्हणजे मधली फळी पायांच्या वरच्या कडेपेक्षा वर डोकावणार नाही आणि पृष्ठभाग पायांवर नीट टेकेल.